क्षमा कुणी करायची, भरपाई कुणी द्यायची

रविवारी सकाळी बोईसरमध्ये एकाच प्रभूची उपासना मराठी, हिंदी, मल्याळम अशा वेगवेगळ्या भाषांत चालते. तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 मध्ये सुरू झाले, एमआयडीसी वाढत गेली आणि कामाच्या मागे माणसे आली. वसईकडचे कुपारी आणि वाडवळ, नगर-जालन्याकडचे मराठी प्रोटेस्टंट, केरळहून आलेली कुटुंबे, शिवाय डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातले वारली ख्रिस्ती. पंथ वेगळे, पण श्रद्धेचा गाभा एकच. तारण कुणाला कमावता येत नाही, ते देवाच्या कृपेने मिळते. आणि ज्याला न मागता क्षमा मिळाली त्याने दुसऱ्याला क्षमा नाकारू नये. असे असूनही चर्चच्या फाटकाबाहेर पडल्यावर सोयरीक कुणाशी, शेजार कुणाचा, घरी जेवायला कुणाला बोलवायचे, हे जुन्याच हिशेबाने ठरते. अमेरिकेत आणि दक्षिण आफ्रिकेत हा प्रश्न गोऱ्या-काळ्यांचा म्हणून विचारला गेला. आपल्याकडे तो जातीचा, आदिवासी-बिगरआदिवासींचा आणि काही काळ गोऱ्या साहेबाचाही होता.

या प्रश्नावर ख्रिस्ती परंपरेने उत्तर दिले ते मुख्यतः माणसांच्या आयुष्यांतून. संत, हुतात्मे, समाजसेवक यांची चरित्रे आपण प्रवचनांत ऐकतो, रविवारच्या शाळेत मुलांना सांगतो. ती चरित्रे एकत्र ठेवून वाचली की एक उणीव ठळक दिसते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने किती मोठ्या मनाने क्षमा केली, हे आपण भरभरून सांगतो. ज्याच्याकडून अन्याय झाला त्याने काय परत केले, कोणती जागा सोडली, हे मात्र दोन वाक्यांत उरकतो. शुभवर्तमानात तसे नाही. जक्कय जकातदाराच्या घरी येशू आपणहून उतरायला जातो, ही कृपा. आणि त्याच भेटीत जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट देण्याचे कबूल करतो, हा तिचा परिणाम. कॅथलिक प्रायश्चित्ताच्या संस्कारातही पश्चात्ताप आणि कबुलीबरोबर भरपाईला जागा आहे. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी 1937 च्या आपल्या पुस्तकात स्वस्त कृपा आणि महाग कृपा असा भेद केला. त्यांच्या या विचारामागे 1930-31 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये घालवलेले दिवसही होते. पुढे हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाल्याबद्दल त्यांना 9 एप्रिल 1945 रोजी फाशी देण्यात आली. आपल्या भागातली उदाहरणे मी याच कसोटीवर पाहणार आहे: कोणाला किंमत मोजावी लागली?

सुरुवात वसईपासून करणे भाग आहे. गोन्सालो गार्सिया वसईत सुमारे 1557 मध्ये जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इथली. जेझुइटांच्या हाताखाली शिकून ते कोवळ्या वयात जपानला गेले, भाषा उत्तम आत्मसात केली आणि कित्येक वर्षे धर्मशिक्षक म्हणून राबले. त्यांना जेझुइट संघात प्रवेश मात्र मिळाला नाही. भारतीय रक्ताच्या तरुणांना आत घेण्याबाबत त्या काळी संघाचे धोरण फार आखडते होते. गोन्सालो काही काळ व्यापारात पडले, मग मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानला परतले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत 26 जणांना क्रुसावर चढवण्यात आले, त्यांत ते होते. त्यांच्यासोबतचे जपानी जेझुइट पॉल मिकी यांनी क्रुसावरून मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले जाते. 1862 मध्ये पोप नववे पायस यांनी गोन्सालोंना संत घोषित केले आणि भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून वसईला त्यांचा सार्थ अभिमान आहे. त्यांच्या नावाची मंदिरे झाली, महाविद्यालय झाले. पण ज्या माणसाला रंगामुळे दारात थांबवले गेले तोच पुढे वेदीवर आला, ही त्यांच्या चरित्रातली सर्वांत मोलाची गोष्ट आपल्या सणाच्या प्रवचनांत क्वचितच येते. ती आली तर ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना हा संत आपला वाटेल.

गोन्सालोंचे दार बंद झाले ते काही अपवादाने नव्हे. गोव्याच्या दिवाडी बेटावरचे मातेउस दे कास्त्रो यांना गोव्यात धर्मगुरू होऊ दिले नाही, म्हणून ते रोमला गेले. तिथे त्यांना दीक्षा मिळाली आणि 1637 मध्ये ते लॅटिन विधीचे पहिले भारतीय बिशप झाले. गोव्यातल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना शेवटपर्यंत थारा दिला नाही. दीडशे वर्षांनी, 1787 मध्ये, बढत्यांत डावलले गेलेले गोमंतकीय धर्मगुरू आणि शिपाई पोर्तुगीज सत्ता उलथण्याच्या कटात सापडले. पिंटोंचे बंड म्हणून तो प्रसंग ओळखला जातो. याची दुसरी बाजूही लपवू नये. कास्त्रो जन्माने ब्राह्मण, आणि आपल्या जातीच्या श्रेष्ठत्वाचा ठसा त्यांच्या लिखाणावर स्पष्ट आहे. गोऱ्यांनी केलेला भेद त्यांना झोंबला, स्वतःकडचा भेद दिसला नाही. गोव्यातल्या चर्चमधल्या बंधुमंडळांत, म्हणजे कोंफ्रारियांत, बामण, चारडो, सुदीर हे वेगळेपण शतकानुशतके टिकले. भेद मृतांच्या आठवणीतही राहिला. गोव्यातल्याच कुंकळ्ळीत 15 जुलै 1583 रोजी पाच जेझुइट मारले गेले. नंतर गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. जेझुइटांना 1893 मध्ये धन्यवादित घोषित केले गेले. प्रमुखांचे स्मारक उभे राहायला एकविसावे शतक उजाडावे लागले. दोन्हीकडचे मृत एकाच प्रार्थनेत आठवले जातील तेव्हा तिथला समेट पुरा होईल.

आमच्या पालघरच्या किनाऱ्यावरही त्या राजवटीचा वारसा आहे. तारापूरचा किल्ला मराठ्यांनी 1739 च्या जानेवारीत घेतला, त्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर पडले. मे महिन्यात वसई पडली. युरोपीय पाद्री निघून गेले आणि श्रद्धा जपली ती इथल्याच धर्मगुरूंनी आणि गावकऱ्यांनी, ज्यांना त्या पाद्र्यांनी कधी बरोबरीचे मानले नव्हते. हा कृपेचा भाग म्हणायला हरकत नाही. पण श्रद्धा जपणारे हे गावकरीही जातीने वेगळेच राहिले. कुपारी, वाडवळ, कोळी, भंडारी यांची बोली, पेहराव, सोयरीक वेगळी. 1887 मध्ये मुंबई-साष्टी-वसईच्या ख्रिस्ती लोकांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतले, ते गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे आहोत हे नोकरीच्या बाजारात कळावे म्हणून. एकाच भाकरीत वाटा घेणाऱ्यांनी पोटासाठी वेगळी पाटी लावली, याचा दोष मी त्यांना देणार नाही, पण नोंद करणे गरजेचे आहे.

एकोणिसाव्या शतकात मात्र महाराष्ट्राने अशी दोन-तीन आयुष्ये दिली की त्यांच्यापाशी थांबावे लागते.

पंडिता रमाबाई अनंतशास्त्री डोंगरे यांची कन्या. आईवडील दुष्काळात गेले. 1880 मध्ये त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली, ब्राह्मणेतर वकिलाशी नोंदणी विवाह केला आणि दोनच वर्षांत वैधव्य आले. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नंतर चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या शिकू आणि शिकवू लागल्या, तेव्हा त्यांनी इंग्रज तरुण पुरुषांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी आक्षेप घेतला. रमाबाईंनी इंग्रज सिस्टरांशी झालेल्या पत्रव्यवहारात मान तुकवली नाही. आपली श्रद्धा आपण विवेकाने स्वीकारली आहे, ती कुणाच्या हुकमाने चालणार नाही, हा त्यांचा पवित्रा होता. ख्रिस्ती झाल्यावर गोऱ्या ख्रिस्ती माणसासमोर ताठ उभे राहता येते, हे मराठी समाजाला त्यांनी दाखवले.

त्यांच्या आयुष्याचा जो भाग माझ्या प्रश्नाला भिडतो तो मात्र केडगावचा. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले तेव्हा तिथे उच्चवर्णीय विधवांसाठी सोवळेओवळे पाळण्याची सोय ठेवावी लागली होती. बाहेरच्या समाजाचा विश्वास मिळवायचा तर दुसरा मार्ग नव्हता. तेवढ्याने भागलेही नाही. 1893 मध्ये धर्मांतराच्या आरोपांवरून पालकांनी मुली काढून नेल्या. नंतर 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून रमाबाईंनी शेकडो उपाशी मुली आणल्या आणि त्या आल्या त्या सर्व जातींच्या. उपासमारीतून वाचलेल्या मुलींचे मुक्ती मिशन केडगावला उभे राहिले. एक पंगत, एक विहीर, एक छापखाना. पुढे तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. त्याच छापखान्यात मुलींनी रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले मराठी बायबल जुळवले आणि छापले. ज्ञानाचा जो वारसा वडिलांनी समाजाचा विरोध पत्करून आपल्या पत्नीला आणि लेकीला दिला होता, तो रमाबाईंनी कुणब्याच्या, महाराच्या, अनाथ मुलीच्या हातात ठेवला. शास्त्र्याच्या घरातल्या बाईने सोडलेली जागा ही. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या. केडगावचे काम चालू राहिले.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट आणखी अवघड होती, कारण ती त्यांनी निवडलेली नव्हती. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. ज्यांचे वडील मीठ-साखरसुद्धा धुऊन घेत, अशा सोवळ्याच्या घरात लक्ष्मीबाई वाढलेल्या. नवऱ्यापासून दूर राहण्याची वर्षे, मग नगरला जवळ राहूनही वेगळी चूल, असे सगळे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त सांगितले आहे, आणि त्या सांगण्यात कुठे कटुता नाही. एका टप्प्यावर त्यांनी जातीचा स्वतःच विचार केला. देवाने जनावरांच्या जाती केल्या, माणसांत तर बाई आणि पुरुष एवढेच दिसतात, मग बाकीच्या जाती माणसाच्या. ठरले, की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे. हा निर्णय त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे; बाप्तिस्मा 1900 मध्ये राहुरीला झाला. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. पुष्कळांच्या बाबतीत बाप्तिस्मा आधी झाला आणि जात नंतरही गेली नाही. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत जात आधी गेली. नवऱ्याला केलेली क्षमा आणि पोराबाळांच्या घरात कुठल्याही जातीच्या अनाथाला दिलेली जागा, या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे एकाच मनातून आल्या.

टिळकांची स्वतःची झुंज दुसरी होती. अमेरिकन मराठी मिशनमध्ये गोरा मिशनरी आणि देशी ख्रिस्ती सेवक यांच्यात जे अंतर होते, ते त्यांना सलत होते. मिशनऱ्याने साहेब म्हणून नव्हे तर भाऊ म्हणून वागावे, ही त्यांची मागणी. 'ज्ञानोदय'चे संपादन त्यांनी केले, भजनांतून ख्रिस्त मराठी केला, आणि 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. 9 मे 1919 रोजी ते वारले. दरबार फार काळ टिकला नाही, पण संस्थेच्या आयुष्यावरून विचाराची किंमत करू नये. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे काव्य अपुरे राहिले होते, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

या आयुष्यांकडे अभिमानाने पाहताना एक गोष्ट विसरता येत नाही. मराठी प्रोटेस्टंट मंडळींतले बहुसंख्य लोक टिळक-रमाबाईंच्या जातीचे नव्हते. नगर, जालना, सोलापूरच्या खेड्यांतले ते महार आणि मांग होते. त्यांनी क्षमा किती केली असेल याचा हिशेब कुठल्याच चरित्रात नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती धर्माकडे आदराने आणि बारकाईने पाहिले आणि मग लिहिले की धर्मांतराने अस्पृश्याची जात सुटली नाही आणि मिशनने त्याविरुद्ध लढा उभारला नाही. ही टीका ख्रिस्ती मंडळींनी मनाला लावून घ्यायला हवी होती. तेव्हा ती घेतली गेली नाही. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका दफनभूमीत दलित आणि सवर्ण ख्रिस्ती यांच्या थडग्यांमध्ये भिंत होती. 1981 मध्ये बंगळुरूत अरविंद निर्मल यांनी दलितांच्या अनुभवातून धर्मविचार मांडायला सुरुवात केली, तेव्हा कुठे पीडितांना आपला आवाज मिळाला. डिसेंबर 2016 मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते हे मान्य केले. कबुलीचे पाऊल पडायला एवढा काळ लागला. दुसरीकडे 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींतून बाहेर राहिले. शीख 1956 मध्ये आणि बौद्ध 1990 मध्ये आत आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांचा प्रश्न 2022 मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोगाकडे सोपवण्यात आला. या मागणीत सवर्ण पार्श्वभूमीच्या ख्रिस्ती लोकांनी पुढे असायला हवे होते. बहुतेक ठिकाणी दलितांनाच आपली बाजू लढवावी लागली.

क्षमेची जी उदाहरणे आज जगभर सांगितली जातात त्यांतली दोन आपल्या देशातली आहेत. 1999 च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूर गावात मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा आणि सहा वर्षांची दोन मुले गाडीत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, आणि पुढची काही वर्षे बारीपद्याच्या कुष्ठाश्रमातले काम चालू ठेवले. क्षमा केली म्हणून न्यायालयाचे काम थांबले नाही. खटला चालला आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपी दारा सिंहची जन्मठेप कायम केली. क्षमा म्हणजे खटला मागे घेणे असा जो गैरसमज आपल्याकडे आहे, तो या प्रकरणाने दूर व्हायला हवा.

दुसरे उदाहरण मला जास्त जवळचे वाटते. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात सिस्टर राणी मारिया आदिवासी शेतकऱ्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसमध्ये समुंदर सिंहने त्यांना भोसकून मारले. 2002 मध्ये त्यांची बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. 2006 मध्ये तो सुटला, केरळला राणी मारियांच्या घरी गेला, आणि घरच्यांनी त्याला आपलेसे केले. 2017 मध्ये इंदूरला राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्यात आले. राखीचा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. ज्या सावकारीसाठी खून झाला, तिचे पुढे काय झाले, हे कुणी विचारत नाही.

पालघरच्या माणसाने ते विचारायला हवे, कारण इथे तीच सावकारी होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी वारली तरुण जमीनदाराकडे लग्नगडी म्हणून राबायचा, बायकोसकट आणि पुष्कळदा जन्मभर. ती वेठ मोडली 1945 च्या उठावाने, गोदावरी परुळेकर आणि लाल बावट्याच्या नेतृत्वाखाली. त्या लढ्यात चर्च पुढे नव्हते, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागते. चर्चने केले ते शिक्षण आणि औषधाचे काम: तलासरीला जेझुइटांची शाळा आणि वसतिगृहे, डहाणूला अमेरिकेतल्या ब्रेदरन पंथाचा दवाखाना. ब्रेदरन हा शस्त्र न धरणारा, शांततेचा पंथ. 1970 मध्ये तो चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाला, आणि विलीनीकरणावरून मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. समेट शिकवणाऱ्यांनाही मालमत्ता सोडणे किती जड जाते, ते यातून कळते.

दक्षिण आफ्रिकेत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोगाची सुनावणी 1996 मध्ये सुरू झाली. माफीसाठी 7,112 अर्ज आले, पूर्ण सत्य सांगण्याच्या अटीवर 849 मंजूर झाले. आयांनी मुलांच्या मारेकऱ्यांना समोर बसून क्षमा केली. त्या पीडितांना सरकारने 2003 मध्ये एकदाच 30 हजार रँड देण्याचे ठरवले, आयोगाने सुचवलेल्यापेक्षा कितीतरी कमी. जमीन आणि संपत्ती बव्हंशी होती तिथेच राहिली. टुटूंचे काम थोर होते. अपुरे राहिले ते दुसऱ्या बाजूचे काम.

आपल्या भागात ती दुसरी बाजू ज्यांनी काही प्रमाणात सांभाळली, त्यांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव घ्यावे लागेल. नंदाखालला जन्मलेल्या या धर्मगुरूने 'सुवार्ता' मासिक चर्चच्या भिंतीबाहेर नेले, हरित वसईच्या चळवळीत हिंदू-ख्रिस्ती गावकऱ्यांना एका बाजूला उभे केले आणि जमीन-पाण्यावर डोळा असलेल्यांशी वैर पत्करले. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले तेव्हा धर्मगुरू म्हणून विरोध झाला, धमक्या आल्या. त्यांनी उत्तरादाखल द्वेष केला नाही आणि बोलायचे ते टाळलेही नाही. 25 जुलै 2024 रोजी ते गेले. क्षमाशीलता आणि ठामपणा एकाच माणसात नांदू शकतात, हे आमच्या पिढीने त्यांच्यात पाहिले.

बोईसर-तारापूरच्या धर्मग्रामांना आणि मंडळींना माझे एक सांगणे आहे. क्षमेवरची प्रवचने आपल्याकडे पुरेशी झाली. येत्या उपवासकाळात प्रत्येक मंडळीने आपापल्या वडीलधाऱ्यांना बसवून विचारावे: प्रभुभोजनाला कोण आधी बसत असे, कुणाच्या घरचे पाणी चालत नसे, कुणाची सोयरीक जातीमुळे मोडली, वारली कुटुंब मंडळीत आले तेव्हा त्याला बाक कुठला मिळाला, कंत्राटी कामगार आजारी पडला तर त्याच्या खोलीवर कोण गेले. ज्यांना हे सोसावे लागले त्यांना आधी बोलू द्यावे, बाकीच्यांनी ऐकावे, आणि ते सगळे नावे न घेता लिहून मंडळीच्या मासिकात छापावे. त्यानंतर ज्यांच्या हातात धर्मग्रामसभेच्या आणि कमिटीच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांनी त्यांतल्या निम्म्या जागा मोकळ्या कराव्यात. जक्कयानेही निम्म्यापासूनच सुरुवात केली होती.